हाडांचं झुंबर, पितृपक्ष आणि एक हाफ सेट

‘विचारून तर बघा’ : प्रवासाला निघालेल्या ज्येष्ठ वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात बडोद्याच्या एक निवृत्त अ‍ॅनॉटमीच्या प्राध्यापिका, आपल्या वाचकांच्या ‘डॉक्टरबाई’.

प्रश्न : डॉक्टरबाई, सा. न. माझा मुलगा प्रागला नोकरीला आहे. सप्टेंबरअखेर आम्ही दोघं पहिल्यांदाच त्याच्याकडे चाललोय. त्याने आमच्यासाठी यादी केली आहे. तीत किल्ला, पूल, नदीतली बोट हे सगळं ठीक. पण एका दिवसापुढे ‘हाडांचं चर्च’ असं लिहिलंय. फोनवर विचारलं तर म्हणाला, आई, हजारो माणसांची हाडं आहेत, झुंबरसुद्धा हाडांचं आहे, बघच तू. तेव्हापासून घरात रोज वाद. हे म्हणतात, तिकीट काढून मसणात जाणारी ही पहिलीच पिढी. त्यात नेमका पितृपक्ष, आणि सासूबाईंचं वर्षश्राद्ध नुकतंच झालंय. माझं म्हणाल तर भीतीही वाटते आणि बघावंसंही वाटतं. तिथे गेल्याने सुतक, विटाळ असं काही लागतं का? आल्यावर डोक्यावरून आंघोळ करायची का? आठ वर्षांच्या नातवाला न्यावं का? आणि माणसाची हाडं टांगून सजावट करणारी ही माणसं तरी कसली?
– एक आजी, रावपुरा, बडोदं

उत्तर : ताई, आधी आंघोळीचं उरकते, कारण तुमची खरी अडचण तिथेच दिसते. सुतक नात्याचं असतं, हाडांचं नसतं. मुलाच्या यादीतलं ते चर्च म्हणजे प्रागपासून सत्तरेक किलोमीटरवर, कुत्ना होरा गावातल्या सेदलेत्स भागातलं. तिथे तुमचं कुणी सगोत्र असेल असं वाटत नाही. तरी मनाला बरं वाटणार असेल तर खुशाल करा आंघोळ, मुलाकडे गरम पाणी असेलच. मी चौतीस वर्षं रोज हाडं हाताळून घरी आले आणि हात धुऊन कणीक मळायला घेतली. त्यावरून घरात एकदाच विषय निघाला होता, तोही माझ्या लग्नाआधी. तो सांगते.

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते. अभ्यासाला घरी ‘हाफ सेट’ घ्यावा लागे. म्हणजे अर्ध्या शरीराची हाडं : एक हात, एक पाय, एका बाजूच्या बरगड्या, मणके आणि कवटी. डावं-उजवं सारखंच, म्हणून अर्ध्यावर भागतं. खरी हाडं, खऱ्या माणसाची. वरच्या वर्गात गेलेली मुलगी तो सेट पुढच्या मुलीला विकायची. माझा तेलाच्या पत्र्याच्या डब्यात आला होता. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात डबा घेऊन शिरले आणि आजीने ओसरीवरच अडवलं. काय आहे म्हणाली. मी सांगितलं. ती ओरडली नाही, कवटी बघायला मागितली. कवटीचा वरचा भाग करवतीने कापून टोपणासारखा केलेला, दोन्ही बाजूंना पितळी आकडे लावून बसवलेला, आणि कपाळावर कुणीतरी शाईने नंबर घातलेला. आजीने आकडे काढले, टोपण उचलून आत डोकावली, परत होतं तसं लावलं.

‘ह्याला अग्नी मिळाला नाही ना?’

मी म्हटलं, नाही.

‘मग माळ्यावर ठेव. देवघराच्या भिंतीला नको.’

एवढंच. पण त्या वर्षी सर्वपित्रीला एक पान जास्त वाढलेलं दिसलं. कुणाचं विचारलं तर म्हणाली, तुझ्या डब्यातल्याचं. तेव्हा पहिलं वर्ष दीड वर्षाचं असे. त्यात दोन सर्वपित्री आल्या, दोन्ही वेळा पान वाढलं गेलं.

डब्यातला माणूस कोण, कुठला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तेव्हा जगभरच्या मेडिकल कॉलेजांना सांगाडे पुरवायचा धंदा मुख्यतः आपल्याच देशातून, त्यातही कलकत्त्यातून चालायचा. १९८५ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. तेव्हा ‘ही माणसं तरी कसली’ म्हणताना हेही लक्षात असू द्या की त्यांच्याकडचे कितीतरी डॉक्टर आपल्या माणसांच्या हाडांवर शिकले, आणि त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. सेदलेत्सच्या मयतांचं तसं नाही. त्यांना तिथेच पुरून घ्यायचं होतं.

गोष्ट अशी सांगतात. बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रदेशाचा, राजा दुसरा ओटाकर याने तिथल्या सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या मठाचा प्रमुख हेन्री याला १२७८ मध्ये जेरुसलेमच्या बाजूला कामगिरीवर पाठवलं. येशूला क्रुसावर चढवलं त्या गोलगोथावरची मूठभर माती त्याने येताना आणली आणि मठाच्या दफनभूमीवर पसरली. झालं, ती जमीन पवित्र ठरली. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना काशीला देह ठेवावासा वाटे, तसं मध्य युरोपातल्या लोकांना सेदलेत्सला पुरलं जावंसं वाटू लागलं. मग चौदाव्या शतकात प्लेग आला, पंधराव्याच्या सुरुवातीला हुसाइटांच्या, म्हणजे चर्चविरुद्ध उठलेल्या तिथल्या बंडखोरांच्या, लढाया. मयतं वाढत गेली, जमीन होती तेवढीच. १४०० च्या सुमारास दफनभूमीच्या मधोमध दोन मजली चर्च बांधलं : वर प्रार्थना, खाली उकरून काढलेली हाडं. नव्या मयताला जागा करायची म्हणून जुन्याची हाडं काढून एका जागी ठेवायची, ही पद्धत तेव्हा युरोपात सर्रास होती. जाळायचा प्रश्नच नव्हता, कारण शेवटच्या दिवशी देहासकट उठायचंय ही श्रद्धा. कॅथलिक चर्चने दहनाला मोकळीक दिली ती थेट १९६३ मध्ये.

आपण चांदोदला जाऊन अस्थी नर्मदेत सोडतो आणि येतो. मागे काही उरू नये, ही आपली रीत. त्यांची उलटी : काही हरवू नये. त्या तळघरात चाळीस ते सत्तर हजार माणसांची हाडं असावीत असा अंदाज आहे.

१५११ नंतर ही हाडं रचायचं काम एका भिक्षूकडे आलं. तो अर्धा आंधळा होता म्हणतात. वाचणाऱ्यांना हे भयंकर वाटतं. मला ते अगदी पटण्यासारखं वाटलं. हाडं डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतात. मी मुलांना कापडी पिशवीत हात घालायला लावायचे : न बघता सांगा, कुठलं हाड आणि डावं की उजवं. मांडीच्या हाडाचा गोळा आतल्या अंगाला वळलेला असतो आणि मागून एक उभी धार जाते. गोळा सापडला, धार सापडली, की बाजू चुकायची नाही. त्या भिक्षूने असंच चाचपून कवट्या एकीकडे, लांब हाडं एकीकडे लावत नेलं असेल.

तळघराच्या चारही कोपऱ्यांत हाडांचे घंटेच्या आकाराचे प्रचंड मनोरे आहेत. सगळे आधी झुंबराकडे धावतात; तुम्ही आधी तिकडे जा. अलीकडे हे मनोरे एकेक करून उतरवून, हाडं साफ करून पुन्हा रचायचं काम हाती घेतलंय, त्यामुळे एखादा जागेवर नसला तर हिरमुसू नका. मी एका मनोऱ्यासमोर बराच वेळ उभी होते. डोळ्यांच्या पातळीवर एक कवटी होती, खालचा जबडा नसलेली. (तिथल्या बहुतेक कवट्यांना नाही. खालचा जबडा फक्त स्नायू आणि बंधनांनी धरलेला असतो, ते कुजले की तो सुटतो.) वरच्या दाढा मात्र होत्या चार. चारही घासून पाटीसारख्या सपाट. दगडी जात्यावरच्या पिठात कच येते, आयुष्यभर ती भाकरी चावून दाढा अशा होतात. बाजूच्या शिवणी, म्हणजे कवटीच्या हाडांचे सांधे, अजून स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे माणूस फार म्हातारा नव्हता. बाई की बुवा? भुवयांची कड गुळगुळीत होती, बाई असावी. पण परीक्षेत असतं तर मी मुलाला म्हटलं असतं, नुसत्या कवटीवर ठाम बोलू नकोस, खुब्याचं हाड दाखव. खुब्याचं हाड त्या सत्तर हजारांत कुठे शोधणार!

आता सजावट. ती बरीच पुढची, १८७० ची. मठ १७८३ मध्येच बंद पडला होता आणि मालमत्ता पुढे श्वार्झेनबर्ग या बड्या सरदार घराण्याकडे आली. त्यांनी फ्रांतिशेक रिंत नावाच्या लाकडावर कोरीव काम करणाऱ्या कारागिराला हे ढीग नीटनेटके लावायला बोलावलं. त्याने हाडं क्लोरीनच्या चुन्याने, म्हणजे आपण विहिरीत टाकतो त्या ब्लीचिंग पावडरीने, पांढरी केली आणि कामाला लागला. कमानींवरून कवट्यांच्या माळा सोडल्या, जिन्यापाशी हाडांचे उंच प्याले केले, आणि मधोमध टांगलं ते झुंबर. खालून बघितलं की त्रिकास्थी, मणके, फऱ्याची हाडं कुठे कशी बसवलीत ते मला पाठ म्हटल्यासारखं दिसत गेलं. माणसाच्या शरीरातलं प्रत्येक हाड त्यात किमान एकदा वापरलंय असं सगळीकडे सांगतात. मोठ्या माणसाची हाडं २०६. मी मोजायला लागले आणि कानाशी अडले. कानात तीन हाडं असतात, त्यातलं रिकिबीच्या आकाराचं तर तांदळाच्या दाण्याहून लहान. ती काही मला दिसली नाहीत. आता ती कवटीच्या आतच असतात, तेव्हा ‘वापरली’ म्हणणाऱ्याला खोटंही पाडता येत नाही.

झुंबर मला आवडलं, अगदी खरं सांगते. ज्याने केलं त्याला हाडांचा आकार कळत होता. पण एक गोष्ट नाही आवडली. एका बाजूला रिंतने श्वार्झेनबर्गांचं राजचिन्ह हाडांत केलंय. त्याच्या एका कोपऱ्यात एक पक्षी, डोमकावळ्यासारखा, एका तुर्काच्या कवटीचा डोळा टोचतोय. १५९८ मध्ये त्या घराण्यातल्या एकाने तुर्कांकडून हंगेरीतला राब किल्ला घेतला, त्याची ही मिरवणूक. बाकी हाडं देवासाठी टांगली म्हणा, मेलेल्यांची आठवण म्हणून टांगली म्हणा, चालेल. पण प्लेगाने मेलेल्या कुणा खाणकामगाराची बरगडी घेऊन जमीनदाराच्या घराण्याचा मोठेपणा सांगायचा, हे मला उद्धटपणाचं वाटतं. पितृपक्षात चाललाय, कावळा दिसणारच. तो तेवढा बघून न बघितल्यासारखा करा. जिन्याशेजारच्या भिंतीवर रिंतने स्वतःचं नाव, गाव आणि सालही हाडांनीच लिहिलंय. हजारोंचं कुणाचं नाव नाही, त्याचं मात्र आहे.

यजमानांना ‘मसण’ म्हणू द्या, चूक नाहीये त्यांचं. चर्चच्या भोवती आजही दफनभूमी आहे, ताज्या फुलांची, घासूनपुसून ठेवलेल्या दगडांची. आवाज हळू ठेवायचा तो तिथपासूनच. आणि आत फोटो काढायला २०२० पासून बंदी आहे. लोक कवट्यांना टेकून, तोंडं वेंगाडून स्वतःचे फोटो काढायला लागले होते, दुसरं काय होणार! मी छोटी वही नेली होती, तीत पेन्सिलीने त्या दाढा काढल्या. सत्तरीला आल्यावर पुन्हा जर्नल. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला वाटलं मी चित्रकार आहे.

नातवाचं. आठ वर्षांचं मूल हाडांना घाबरत नाही, मोठ्यांच्या चेहऱ्याला घाबरतं. तरी अंदाज घ्यायचा असेल तर तो दिवाळीत इथे आला की सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये न्या. तिथे इजिप्तची ममी आहे आणि निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. ममीपुढे रेंगाळला तर समजायचं, हा पुढच्या खेपेला येणार. ह्या खेपेला तुमच्या मुलालाच ठरवू द्या. आत एका काचेच्या पेटीत लढाईतले घाव बसलेल्या कवट्या आहेत, मुलं नेमकी तिथे घुटमळतात आणि प्रश्न विचारतात. ‘लागलं, म्हणून मेला’ एवढं उत्तर पुरतं. रात्री झोपताना आणखी विचारेल, तेव्हा यजमानांकडे पाठवा.

आता जाण्याचं. प्रागच्या मुख्य स्टेशनवरून कुत्ना होरासाठी थेट गाडी मिळते, तासाभरात पोचता. कुत्ना होराच्या ‘मुख्य’ स्टेशनवरच उतरा, ते सेदलेत्सच्या बाजूला आहे, तिथून चालत पंधरा मिनिटं. तिकीट चर्चच्या दारात मिळत नाही, थोडं अलीकडे माहिती केंद्र आहे तिथे काढायचं. तडक दारापर्यंत जाऊन परत फिरलेली मंडळी मी पाहिली, त्यात मीही होते. त्याच तिकिटात जवळचं मोठं कॅथीड्रलही येतं. दोन्हीवर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सांतिनी या एकाच वास्तुकाराचा हात फिरलाय. तळघरात उतरायला जिना आहे, गुडघ्यांना सांभाळा, आणि आत सप्टेंबरातही गार असतं, शाल ठेवा. चर्च लहान, अर्ध्या तासात होतं. मग गावात जाऊन संत बार्बराचं चर्च बघा. खाणकामगारांची ही देवता. १३८८ ला सुरू केलेलं ते बांधकाम १९०५ ला पुरं झालं, तेव्हा आपल्याकडच्या रखडलेल्या पुलांबद्दल फार बोलू नये. गावाच्या या सगळ्या ठेव्याला १९९५ पासून युनेस्कोचा मान आहे.

आणि हो, सेदलेत्सच्या जुन्या मठाच्या इमारतीत आता सिगारेटचा कारखाना आहे. हाडांपासून हाकेच्या अंतरावर. यावर मी काही बोलत नाही. यजमान ओढत असतील तर त्यांना नुसतं दाखवा.

सर्वपित्री तिथेच येत असेल तर सुनेला सांगून एक पान जास्त वाढा. सासूबाईंच्या शेजारी.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी लिस्बन आणि रोम असं करणार आहोत. दोन्हीकडे हाडांची चर्चं आहेत असं कळलं. एक झालं की पुरे, दोन नकोत, असं बहुमत आहे. कुठलं?
– इंदूरहून एक वाचक

उत्तर : रोमचं सोयीचं आहे. व्हिया व्हेनेतो या भर रस्त्यावरच्या कापुचिन चर्चखाली पाच-सहा लहान खोल्या, त्यांत सुमारे ३,७०० भिक्षूंची हाडं. काही सांगाड्यांच्या अंगात तपकिरी कफनी अजून आहे. दुकानांच्या मधे अर्धा तास काढता येईल.

पण मला विचाराल तर एव्होरा. लिस्बनहून पूर्वेला दीड तास. पांढऱ्या भिंती, पिवळ्या कडा, गोव्यातली जुनी घरं आठवावीत असं गाव. संत फ्रान्सिसच्या चर्चला लागून ही चॅपेल आहे. गावातल्या दफनभूमी भरून गेल्या तेव्हा फ्रान्सिस्कन भिक्षूंनी हाडं काढली, आणि ती कुठे लपवून न ठेवता भिंतींत आणि खांबांत चुन्याने बसवली. सुमारे पाच हजार माणसांची. इथे झुंबर नाही, माळा नाहीत. आपल्याकडे वाड्याच्या भिंतीत विटा दिसतात, तशी इथे मांडीची हाडं टोकाकडून दिसतात. गोल, गोल, गोल, आणि मधून एक कवटी. खांबाच्या अगदी जवळ जाऊन बघा. माणसांनी येता-जाता हात लावून काही कवट्यांची कपाळं गुळगुळीत झालीत. तुम्ही लावू नका.

दारावर पोर्तुगीजमध्ये एक ओळ कोरलीय. तिचा अर्थ असा : आम्ही इथली हाडं, तुमच्या हाडांची वाट बघतोय. मी ती आमच्या यजमानांना मराठीत करून सांगितली. त्यांनी टोपी काढली, वर बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, ‘बघत बसा म्हणावं. आमचं चांदोदचं ठरलंय.’